लिनक्सवर स्वतःचे कीबोर्ड शॉर्टकट कसे लावायचे (नवीन आलेल्यांसाठी)

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ठाण्यात आमच्या ओळखीपाळखीत जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) टाकून घेणारे बरेच झालेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं, त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, आणि नीट चालणारा लॅपटॉप फक्त तेवढ्यासाठी भंगारात द्यायला कोणाचं मन होत नाही. मी बहुतेकांना लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून देते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, दिसायला ओळखीचं वाटतं, वायफाय लगेच चालतं, प्रिंटरसुद्धा बऱ्याचदा आपोआप सापडतो. मग दोन-चार दिवसांनी फोन येतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. "अगं ते विंडोजचं बटन आणि एल दाबलं की लॉक व्हायचं, ते आता होत नाहीये", "स्क्रीनशॉट कुठून काढायचा", "मराठीवर जायला प्रत्येक वेळी माउस घेऊन त्या कोपऱ्यात जायचं का".

हे सगळं पाच-दहा मिनिटांत लावता येतं, आणि विंडोजपेक्षा जास्त मोकळेपणाने लावता येतं कारण इथे डेस्कटॉपचा जवळजवळ प्रत्येक शॉर्टकट बदलता येतो आणि स्वतःचा नवीनही बनवता येतो, वेगळं सॉफ्टवेअर टाकायची गरज नाही. खाली मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर (डेस्कटॉप म्हणजे मेन्यू, खिडक्या, सेटिंग्ज दाखवणारा भाग) सगळं तपशिलात सांगते, मग उबुंटू (लिनक्सचा दुसरा प्रकार), केडीई आणि एक्सएफसीई (हे दुसरे डेस्कटॉप) वाल्यांसाठी कुठे काय वेगळं आहे ते. सगळे मेन्यू इंग्रजीत आहेत असं धरलंय.

आधी एक बटन ओळखून घ्या

कीबोर्डवर खिडकीचं चित्र असलेलं जे बटन असतं त्याला लिनक्समधे सुपर म्हणतात, आणि केडीई मधे त्यालाच मेटा म्हणतात. काही सेटिंग्जमधे विन असंही लिहिलेलं दिसेल, तिन्ही एकच. स्वतःचे शॉर्टकट लावताना हे बटन सगळ्यात कामाचं, कारण ऍप्स स्वतःसाठी कंट्रोल आणि ऑल्ट वापरतात पण सुपरला सहसा कोणी हात लावत नाही, ते डेस्कटॉपसाठी राखून ठेवलेलं असतं. म्हणून नियम एकच लक्षात ठेवा: आपला शॉर्टकट शक्यतो सुपर धरून बनवायचा. तुम्ही कंट्रोल आणि एस वर कॅल्क्युलेटर लावलात तर तो लागेल, पण मग रायटरमधे (वर्डसारखं ऍप) फाईल सेव्ह करायला जाल आणि कॅल्क्युलेटर उघडेल, कारण डेस्कटॉपचा शॉर्टकट ऍपच्या आधी पकडला जातो.

लॅपटॉपवरचं एफएन बटन मात्र यात धरू नका. ते बहुतेक लॅपटॉपमधे कीबोर्डच्या आतल्या आतच हाताळलं जातं, लिनक्सपर्यंत त्याची खबर पोचतच नाही, त्यामुळे एफएन अधिक काहीतरी असा शॉर्टकट लावायला गेलात तर खिडकी नुसती वाट बघत बसते.

पहिलं काम: आहे तोच शॉर्टकट बदलणं

नवीन काही बनवायच्या आधी जे आहे ते बदलून बघा, हात बसतो. स्क्रीन लॉकचंच घेऊ. मिंटमधे लॉक करायचा तयार शॉर्टकट कंट्रोल, ऑल्ट आणि एल असा आहे. चालतो, पण ऑफिसात वर्षानुवर्षं सुपर आणि एल दाबायची सवय असलेल्या माणसाला तो आठवत नाही, आणि तो नुसता उठून चहाला जातो, स्क्रीन उघडीच.

मेन्यू उघडा, सर्चमधे कीबोर्ड टाइप करा (अर्थात इंग्रजीत), कीबोर्डची सेटिंग उघडेल. वरती शॉर्टकट्स नावाचा टॅब आहे, त्यावर जा. डाव्या बाजूला गट दिसतील, जनरल, विंडोज, सिस्टीम, लॉन्चर्स वगैरे. सिस्टीमवर क्लिक करा. उजवीकडे वरच्या अर्ध्या भागात कामांची यादी येते, त्यातलं लॉक स्क्रीन निवडा. आता खालच्या अर्ध्या भागात त्या कामाला लावलेली बटनं दिसतील, तीन ओळी असतात, म्हणजे एका कामाला तीन वेगवेगळे शॉर्टकट लावता येतात. एका ओळीत जुना कंट्रोल-ऑल्ट-एल असेल, बाकीच्यात अनअसाइन्ड लिहिलेलं असेल. रिकाम्या ओळीवर क्लिक करा, एकदा निवडली गेली की परत एकदा क्लिक करा, तिथलं लिखाण बदलून ती ओळ बटनाची वाट बघायला लागते. आता सुपर दाबून धरून एल दाबा. झालं. सेव्ह वगैरे काही नाही, तिथल्या तिथे लागू होतं.

त्याच वेळी ते बटन दुसऱ्या कशाला आधीच लावलेलं असेल तर मिंट विचारतं, हे अमुक कामासाठी वापरात आहे, तरी बदलू का. घाईत हो म्हणू नका, कुठल्या कामाचं नाव दिलंय ते वाचा. ते काम तुम्ही कधी वापरत नसाल तर बिनधास्त बदला. चुकीचं लागलं तर त्याच ओळीवर क्लिक करून बॅकस्पेस दाबलं की ओळ परत रिकामी होते.

आता तिथेच आहात तर लॉन्चर्स हा गटही बघून घ्या. होम फोल्डर (तुमच्या सगळ्या फाईलींचं फोल्डर), टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), कॅल्क्युलेटर, ब्राउझर, ईमेल यांच्यासाठी तयार जागा तिथे आहेत. सुपर आणि ई दाबलं की होम फोल्डर उघडतं, कंट्रोल-ऑल्ट-टी ने टर्मिनल. ब्राउझरसाठी सुपर आणि बी लावून टाका. कॅल्क्युलेटर आणि ब्राउझरसारख्या गोष्टींसाठी कस्टम शॉर्टकट बनवत बसणारे लोक मी बघते, त्याची काही गरज नसते, आधी ही यादी वाचायची.

स्क्रीनशॉट

याच्यासाठी सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून वेगळं सांगते. मिंटमधे प्रिंट स्क्रीनचं बटन दाबलं की पूर्ण स्क्रीन, ऑल्ट धरून दाबलं की फक्त चालू खिडकी, शिफ्ट धरून दाबलं की माउसने निवडू तेवढाच भाग. आणि यात कंट्रोल जोडलं की फाईल न बनता चित्र थेट क्लिपबोर्डवर जातं, मग व्हॉट्सऍप वेबवर पेस्ट केलं की काम झालं.

अडचण अशी की बऱ्याच छोट्या लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीन हे एफएनबरोबर दाबावं लागतं किंवा ते बटनच नसतं. वाशीला माझी मावसबहीण दहावीचे गणिताचे क्लास घेते, तिच्या लॅपटॉपवर हेच, आणि तिला दिवसभरात कितीतरी वेळा पीडीएफ मधलं एखादं गणित कापून मुलांच्या ग्रुपवर टाकायचं असतं. तिच्यासाठी सिस्टीमच्या खाली जो स्क्रीनशॉट्सचा उपगट आहे तिथे जाऊन निवडलेला भाग क्लिपबोर्डवर कॉपी करणाऱ्या कामाला सुपर, शिफ्ट आणि एस लावलं. विंडोजवर तिची हीच सवय होती, ती तशीच राहिली. आता तिचा हात न बघता जातो, माउसने चौकोन ओढते आणि ग्रुपवर पेस्ट करते.

स्वतःचा शॉर्टकट: एका बटनावर एक ठराविक फाईल

आता खरं कस्टम. उदाहरण आमच्या सोसायटीचं देते. सेक्रेटरी काकांकडे मेंटेनन्सच्या हिशेबाची एक शीट आहे, महिनाभर तीच उघडायची, कोणी चेक दिला की नोंद करायची, कोणी विचारलं की थकबाकी सांगायची. ती शीट डॉक्युमेंट्स, मग सोसायटी, मग वर्षाचं फोल्डर, एवढं आत जाऊन उघडावी लागायची आणि दारात उभा असलेला माणूस ताटकळत राहायचा. ती आम्ही सुपर आणि एच वर आणली, एच म्हणजे हिशेब.

कसं ते बघा. आधी फाईलचा पूर्ण पत्ता हवा. तो हाताने टाइप करू नका, चुकतो. टर्मिनल उघडा, शेजारी फोल्डरची खिडकी ठेवा, आणि फाईल माउसने उचलून टर्मिनलच्या खिडकीत सोडा. टर्मिनलमधे फाईलचा पूर्ण पत्ता आपोआप उमटतो, होम फोल्डरपासून फाईलच्या नावापर्यंत, आणि दोन्ही बाजूंनी सिंगल कोट लागलेले असतात. ते कोट महत्त्वाचे आहेत, ते ठेवायचे, कारण फाईलच्या किंवा फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल (आणि आपल्याकडे ती असतेच, मेंटेनन्स जून, सभासद यादी नवीन, असली नावं) तर कोटशिवाय लिनक्स त्या एका नावाचे दोन तुकडे समजतं आणि फाईल सापडत नाही. हा पत्ता सिलेक्ट करून कंट्रोल, शिफ्ट आणि सी ने कॉपी करा. टर्मिनलमधे कॉपी करताना शिफ्ट लागतं, साधं कंट्रोल-सी तिथे चालू कमांड थांबवायला वापरतात.

आता परत कीबोर्डच्या शॉर्टकट्स टॅबवर या, डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली कस्टम शॉर्टकट्स आहे ते निवडा, आणि खालचं ऍड कस्टम शॉर्टकट बटन दाबा. दोन रकाने असतात. नावात काहीही लिहा, ते फक्त तुमच्यासाठी आहे, "सोसायटी हिशेब" असं मराठीतही चालतं. कमांडच्या रकान्यात आधी एक्सडीजी-ओपन टाइप करायचं, म्हणजे इंग्रजी स्मॉलमधे एक्स, डी, जी, मग हायफन, मग ओपन हा शब्द, मधे कुठेही जागा नाही. त्यानंतर एक मोकळी जागा आणि पुढे कॉपी केलेला पत्ता कोटांसकट पेस्ट. ही कमांड एकच काम करते, दिलेली गोष्ट ज्या ऍपमधे एरवी डबल क्लिकने उघडते त्याच ऍपमधे उघडून देते. म्हणून ती शिकून ठेवण्यासारखी आहे. शीट दिली तर कॅल्कमधे (एक्सेलसारखं ऍप) उघडेल, पीडीएफ दिली तर पीडीएफ वाचायच्या ऍपमधे, फोल्डर दिलं तर फोल्डर उघडेल, आणि वेबसाइटचा पत्ता दिला तर ब्राउझरमधे ती साइट. वीजबिलाची साइट, रेल्वे तिकिटाची साइट, मुलांच्या शाळेचं पोर्टल, सगळ्याला ही एकच कमांड पुरते.

ऍड दाबा, नवीन नाव यादीत दिसेल, ते निवडा, आणि खालच्या रिकाम्या ओळीवर मगासारखं क्लिक करून सुपर-एच दाबा.

शॉर्टकट लावायच्या आधी कमांड तपासून घ्यायची चांगली सवय लावा. ऑल्ट आणि एफ-२ दाबलं की एक छोटा रकाना येतो, त्यात तीच ओळ पेस्ट करून एंटर करा. फाईल उघडली तर शॉर्टकटमधेही चालणार, नाही उघडली तर गडबड पत्त्यात किंवा स्पेलिंगमधे आहे, बटनात नाही. हे दोन वेगळे केले की शोधाशोध अर्धी होते.

ऍपसाठी शॉर्टकट लावायचा तर कमांड कुठून आणायची

फाईल नाही, नुसतं एखादं ऍप उघडायचंय, आणि ते लॉन्चर्सच्या तयार यादीत नाही. तेव्हा त्या ऍपची कमांड लागते, आणि नवीन माणूस इथेच अडकतो कारण मेन्यूत दिसणारं नाव आणि कमांड एकच असेल असं नाही. मिंटमधे मेन्यूच्या बटनावर राइट क्लिक करून कॉन्फिगरमधे जा, तिथून मेन्यू एडिटर उघडता येतो. त्यात आपलं ऍप शोधायचं, प्रॉपर्टीज उघडायच्या, तिथे कमांडचा रकाना असतो, तो जसाच्या तसा कॉपी करायचा.

फक्त शेवटी एक गोष्ट काढून टाकायची. त्या ओळीच्या टोकाला बऱ्याचदा टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून यू किंवा एफ असं अक्षर असतं. मेन्यूसाठी त्याला अर्थ आहे, डबल क्लिक केलेल्या फाईलचं नाव त्या जागी येतं. पण आपल्या शॉर्टकटमधे ती जागा भरायला कोणी नसतं, त्यामुळे काही ऍप्स त्या नावाची फाईल खरंच शोधायला जातात आणि फाईल नाही म्हणून एरर देतात. फ्लॅटपॅकने (ऍप्स टाकायची एक वेगळी पद्धत) टाकलेलं ऍप असेल तर ओळ लांबलचक असते आणि त्या टक्क्याच्या दोन्ही बाजूंना ईमेलमधलं ऍटचं चिन्ह दोन-दोनदा दिसतं, ते सगळं शेपूट काढायचं, ऍपच्या नावापर्यंतचा भाग ठेवायचा.

उबुंटू, केडीई, एक्सएफसीई

उबुंटूमधे ग्नोम डेस्कटॉप असतो. सेटिंग्ज, मग कीबोर्ड, मग व्ह्यू अँड कस्टमाइझ शॉर्टकट्स. तयार शॉर्टकट बदलायचा तर त्यावर क्लिक करून नवीन बटनं दाबायची, बॅकस्पेसने तो बंद होतो, एस्केपने बदल न करता बाहेर. नवीन बनवायचा तर सगळ्यात खाली कस्टम शॉर्टकट्स, त्यात नाव, कमांड आणि सेट शॉर्टकट, मग ऍड. ग्नोमने सुपरची बरीच अक्षरं स्वतःसाठी घेतलीत, उदाहरणार्थ सुपर-ए ऍप्सची यादी दाखवतं, सुपर-एल लॉक करतं, आणि सुपर-एच खिडकी लपवतं, म्हणजे वरचं हिशेबाचं उदाहरण उबुंटूवर करणार असाल तर दुसरं अक्षर घ्या किंवा शिफ्ट जोडा. होम फोल्डरचं काम इथेही लॉन्चर्स गटात आहे, त्याला सुपर-ई लावून घ्या. आणि स्क्रीनशॉटचं काम २०२२ च्या ग्नोम ४२ पासून फार सोपं झालंय, प्रिंट स्क्रीन दाबलं की निवडायची पट्टीच येते, चित्र फाईल म्हणूनही सेव्ह होतं आणि क्लिपबोर्डवरही जातं.

उबुंटूवाल्यांना अजून एक सांगते. डाव्या पट्टीत पिन केलेली ऍप्स सुपर आणि १ ते ९ आकड्यांनी उघडतात, वरून पहिलं म्हणजे १. त्यामुळे रोजची ऍप्स नुसती त्या पट्टीत हव्या त्या क्रमाने लावली तरी अर्ध्याहून जास्त कस्टम शॉर्टकटची गरज संपते. कमांड शोधत बसण्यापेक्षा हे करा.

केडीई मधे सिस्टीम सेटिंग्जमधे शॉर्टकट्सचं पान आहे. ऍड न्यू दाबलं की ऍप्लिकेशन हा पर्याय मिळतो, यादीतून ऍप निवडायचं, कमांड शोधायची भानगड नाही, मला ही पद्धत सगळ्यात आवडते. स्क्रिप्ट किंवा वरच्यासारखी ओळ द्यायची असेल तर कमांडचा पर्याय वेगळा आहे. फक्त केडीई मधे शेवटी अप्लाय दाबावं लागतं, ते विसरलं की काहीच लागत नाही. एक्सएफसीई मधे कीबोर्डच्या सेटिंगमधे ऍप्लिकेशन शॉर्टकट्सचा टॅब आहे, पण खिडक्या हलवायचे, लहान-मोठे करायचे शॉर्टकट तिथे मिळणार नाहीत, ते विंडो मॅनेजरच्या सेटिंगमधल्या कीबोर्ड टॅबमधे ठेवलेत. तिथे शोधा.

मराठी-इंग्रजी बदलायचं बटन

माझ्या मते आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा शॉर्टकट हाच, आणि नेमका याचाच उल्लेख इंग्रजी मार्गदर्शकांत नसतो. दिवसभर जो माणूस अर्धं इंग्रजी अर्धं मराठी टाइप करतो त्याला भाषा बदलायला माउस घ्यावा लागला तर तो कंटाळून सरळ इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागतो, आणि मग सोसायटीच्या नोटिसासुद्धा तशाच निघतात. म्हणून हे आधी लावा.

मिंट २२ मधे कीबोर्डच्या सेटिंगमधेच लेआउट्स टॅब आहे, तिथे अधिकच्या चिन्हावर क्लिक करून मराठी शोधा. दोन प्रकार दिसतील, एक इनस्क्रिप्ट आणि एक उच्चाराप्रमाणे चालणारा कागपा. टायपिंग पहिल्यांदाच शिकत असाल तर इनस्क्रिप्ट शिका, बहुतेक भारतीय भाषांना तोच एक नकाशा आहे, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, थोडे दिवस जड जातं आणि मग वेग येतो. के वर क आहे, शिफ्ट-के वर ख. मराठीसाठी लागणारा ळ शिफ्ट-एन वर. आणि वाऱ्या, दऱ्या मधला ऱ्य बऱ्याच लोकांना सापडत नाही, तो असा येतो: शिफ्ट-जे, मग डी म्हणजे हलन्त, मग स्लॅशच्या बटनावरचा य.

आता बदलायचं बटन. त्याच टॅबमधे ऑप्शन्स आहे, त्यात स्विचिंग टू अनदर लेआउट नावाचा गट उघडा, लांबलचक यादी येईल. त्यातून सुपर आणि स्पेस निवडा, काही आवृत्त्यांमधे तिथे विन आणि स्पेस लिहिलेलं असतं. उबुंटूमधे मराठीचा इनपुट सोर्स जोडला की हे आपोआपच लागलेलं असतं, आणि विंडोजवरही हेच आहे, म्हणजे ऑफिसात आणि घरी एकच सवय राहते. ऑल्ट-शिफ्टही बरेच लोक ठेवतात पण ते दुसऱ्या शॉर्टकटच्या मधेच चुकून दाबलं जातं, मी ते सुचवत नाही.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. यादीत इंग्रजी लेआउट पहिल्या नंबरवर राहू द्या, काढून टाकू नका. मराठी चालू असताना कंट्रोल-सी दाबलं तर कीबोर्डकडून सी च्या जागी मराठी अक्षर जातं, बहुतेक ऍप्स मग यादीतलं इंग्रजी लेआउट बघून बरोबर अर्थ लावतात, पण काही ऍप्सना ते जमत नाही आणि शॉर्टकट मुका राहतो. असं झालं की शॉर्टकट बिघडला समजू नका, इंग्रजीवर या आणि परत दाबा. दुसरं, स्क्रीन लॉक करताना मराठी चालू राहिलं असेल तर परत आल्यावर पासवर्ड मराठीतून टाइप होतो, ठिपके बरोबर दिसतात आणि पासवर्ड चुकीचा म्हणून येत राहतं. घाबरून लॅपटॉप रीस्टार्ट करू नका, लॉक स्क्रीनवर भाषेची खूण दिसते, ती बदला.

हिशेबाचं काम करणाऱ्यांसाठी अजून एक. साध्या इंग्रजी लेआउटऐवजी इंग्लिश, इंडिया, विथ रुपी असं एक लेआउट यादीत मिळतं. ते घेतलं की उजवीकडचं ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ येतो. नौपाड्यातल्या एका अकाउंटंट ओळखीच्यांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी आधी प्रत्येक बिलात आरएस लिहिलेलं सगळं बदलायला घेतलं.

लावलाय पण चालत नाही

आधी ऑल्ट-एफ-२ ने कमांड तपासा, हे वर सांगितलंच. तिथे चालते पण बटनावर चालत नसेल तर बटनं बदलून बघा, सुपरऐवजी सुपर आणि शिफ्ट. तरी नसेल तर बघा की समोर व्हर्च्युअल मशीन (कंप्युटरच्या आत चालणारा दुसरा कंप्युटर) किंवा रिमोट डेस्कटॉपची खिडकी तर उघडी नाही, त्या खिडक्या सगळी बटनं स्वतःकडे ओढून घेतात, ऑफिसच्या मशीनला घरून कनेक्ट होणाऱ्यांना हे हमखास दिसतं.

दुसरं कारण म्हणजे कमांडमधे टर्मिनलच्या सवयी आल्यात. होम फोल्डरसाठी टर्मिनलमधे जो टिल्डा (~) वापरतात, दोन कमांड जोडायला जी उभी रेघ वापरतात, किंवा स्वतः बनवलेली छोटी नावं, हे सगळं समजून घेणारा शेल टर्मिनलच्या आत असतो. शॉर्टकटची कमांड त्याच्यातून जातेच असं नाही, उबुंटूत तर ती थेट चालवली जाते. म्हणून पत्ता नेहमी पूर्ण द्यायचा. आणि एकापेक्षा जास्त कमांड एका बटनावर हव्या असतील तर त्या एका स्क्रिप्टच्या फाईलमधे लिहा, फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, परमिशन्समधे जाऊन तिला प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगी द्या, आणि शॉर्टकटमधे फक्त त्या फाईलचा पत्ता द्या.

नेटवर जुने लेख वाचून एक्सडूटूल किंवा एक्समॉडमॅप (बटनं आपोआप दाबायची किंवा बदलायची टूल्स) वापरायला जाणार असाल तर आधी बघा तुमचं सेशन वेलँड आहे का एक्स ११ (स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या या दोन वेगळ्या यंत्रणा). ती दोन्ही टूल्स एक्स ११ साठी आहेत, आणि आजचं उबुंटू वेलँडवर चालतं, त्यामुळे तिथे ती नीट काम करत नाहीत. डेस्कटॉपच्या सेटिंगमधून लावलेले शॉर्टकट मात्र दोन्हीकडे चालतात. एखादं बटनच बदलून टाकायचं असेल, म्हणजे मोडकं बटन दुसरीकडे हलवायचंय वगैरे, तर इनपुट रीमॅपर नावाचं ऍप बघा, ते दोन्हीकडे चालतं.

आणि एक सावधगिरी. कंट्रोल-ऑल्ट बरोबर एफ-१ ते एफ-१२ यातलं काही लावू नका. ते काळ्या टेक्स्ट कन्सोलवर जायचे शॉर्टकट आहेत. चुकून दाबले गेले आणि स्क्रीन काळी होऊन लॉगिन मागायला लागली तर काही बिघडलेलं नाही, मिंटमधे कंट्रोल-ऑल्ट-एफ-७ आणि उबुंटूत एफ-१ किंवा एफ-२ ने परत डेस्कटॉपवर येता, उघडी कामं तशीच असतात.

किती लावायचे

सुरुवातीला दोन-तीनच. यादी बघून वीस लावले की त्यातला एकही हाताला लागत नाही. आठवडाभर स्वतःकडे लक्ष द्या, माउसने परत परत कुठे जाताय, कुठली फाईल सारखी उघडताय, तिथे एक शॉर्टकट लावा, तो अंगवळणी पडला की पुढचा. अक्षर निवडताना मराठीतलं नाव आठवून निवडलं तर जास्त लक्षात राहतं, काकांचा हिशेबाचा एच तसाच आला, त्यांनी पुढे सभासदांच्या यादीला एस मागितला पण तो दुसऱ्या कामाला गेलेला होता म्हणून सुपर-शिफ्ट-वाय दिला, यादीचा वाय. घरात एकच लॅपटॉप दोघं-तिघं वापरत असतील तर प्रत्येकाला वेगळं लॉगिन करून द्या, शॉर्टकट ज्याच्या त्याच्या लॉगिनपुरतेच राहतात, एकाचे दुसऱ्याला त्रास देत नाहीत.

शेवटचं, बॅकअपचं. मिंटवर टाइमशिफ्ट (सिस्टीमचा बॅकअप घेणारं ऍप) चालू केलं की लोकांना वाटतं सगळं सुरक्षित झालं. पण टाइमशिफ्ट डिफॉल्टने होम फोल्डर घेत नाही, आणि तुमचे शॉर्टकट होम फोल्डरमधेच असतात, डॉट कॉन्फिग नावाच्या लपलेल्या फोल्डरमधे. फोल्डरच्या खिडकीत कंट्रोल-एच दाबलं की लपलेली फोल्डर दिसतात. मिंट आणि उबुंटूत त्याच्या आत डीकॉन्फ नावाचं फोल्डर आहे, केडीई मधे के-ग्लोबल-शॉर्टकट्स-आरसी नावाची फाईल. ते पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. डीकॉन्फमधे शॉर्टकटबरोबर डेस्कटॉपची बाकीची सेटिंगही असते, त्यामुळे ते परत टाकायचं तर त्याच डेस्कटॉपच्या नव्या इन्स्टॉलवर टाका, आणि लॉगिनचं नाव बदललं असेल तर कमांडमधले फाईलचे पत्ते एकदा हाताने दुरुस्त करून घ्या.